लशीला कोरी पाटी मिळत नाही

आजीला नागीण झाली की घरात 'उष्णता वाढली' असे म्हणतात. खरे तर लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून असतो व म्हातारपणी पुन्हा डोके वर काढतो. आम्ही हिंदी माध्यमातून विज्ञान शिकलो तेव्हा पाठ सोपा होता : एक जंतू, एक रोग, एक लस. मुलांना आपण आजही तसेच शिकवतो. आमच्या मते हे अपुरे आहे.

हिवतापाचेच उदाहरण घ्या. डॉ. डेनिस बर्किट यांनी १९५८ साली युगांडातील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. हा रोग मुख्यतः हिवतापाच्याच पट्ट्यात दिसे. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाईन, अचाँग व बार यांना त्या गाठींच्या पेशींत एक विषाणू सापडला. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो जन्मभर असतो, बहुतेकांना कळतही नाही. पण मुक्काम कोठे, तर बी-पेशींत. प्रतिपिंडे बनतात ती याच पेशींपासून! वारंवार हिवताप आला की त्याच्यावरचा पहारा ढिला पडतो.

उलटही घडते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, या विषाणूच्या भाऊबंदाची ताजी लागण असलेल्या उंदरांना एरवी बरा होणारा हिवताप जीवघेणा ठरला. प्रतिपिंडेच नीट बनली नाहीत. मात्र २००७ च्या एका प्रयोगात असाच विषाणू सुप्तावस्थेत असलेले उंदीर काही जिवाणूंना अधिक समर्थपणे तोंड देत होते. म्हणजे हा भाडेकरू दर वेळी त्रासदायकच असतो असे नाही. (उंदरांवरून माणसाचे अनुमान लगेच काढू नये, हेही मुलांना सांगावेच.)

हिवतापावरील दोन लशींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ व २०२३ साली केली. त्यातील दुसरी ऑक्सफर्डची. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. आफ्रिकेतील ज्या बाळांना या लशी टोचतात, त्यांपैकी पुष्कळांच्या अंगात असे विषाणू आधीच आलेले असतात. तेव्हा एकाच लशीचा गुण सर्वांना सारखा कसा येईल?

पालकसभेत हमखास विचारतात, 'लस देऊनही मूल आजारी पडले, मग लस कशाला?' गुण कमी-अधिक येतो म्हणून लस टाळणे आम्हांस मुळीच मान्य नाही. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, शाळेत प्रत्येक मुलाची आरोग्य नोंदवही ठेवण्यास मंजुरी द्यावी. पालकांनी लसीकरणाच्या कार्डाची प्रत वर्गशिक्षकांकडे द्यावी, आणि कांजिण्या कोणत्या वर्षी झाल्या तेही मागच्या बाजूला लिहावे.