वायफाय आहे, इंटरनेट नाही

मुलं सुट्टीला येतात, लॅपटॉपला वायफाय जोडून देतात आणि परत जातात. कसं जोडलं ते विचारावं, तर 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणे! मला हे मुळीच पटत नाही. कळायचं असतं तरी किती? लॅपटॉप ते राउटर हा एक रस्ता, राउटर ते बाहेरचं जग हा दुसरा. वायफायची खूण दिसतेय पण एकही पान उघडत नाही, तर बहुधा दुसरा रस्ता अडलाय. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पाहावा. आतल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे दमतं, २.४ हळू पण पोचतं. (राउटर लोखंडी कपाटात ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!) एवढं वहीत लिहून द्या की रे. नातवंडांशी बोलणं मध्येच तुटलं, की ज्याला विचारायचं तोच पलीकडे अडकलेला असतो.