पिकअप मध्येच का थांबते?

मैत्रिणींनो, या सदरात आजवर आपण मिक्सर उघडला, शेगडीचा बर्नर साफ केला, गळका नळही आवळला. आज अंगणातल्या गाडीकडे वळू या. ‘हे काय बायकांचं काम?’ असं म्हणून पान उलटू नका. ज्या घरात भाजीची पाटी गाडीवर अवलंबून आहे, तिथे गाडी बंद म्हणजे चूल बंद!

मागच्या महिन्यात यवतजवळ कासुर्डीला वन्संकडे गेले होते. त्यांच्या घरी वीस वर्षांची जुनी डिझेल पिकअप आहे. पहाटे मेथी-कोथिंबीर भरून हडपसरच्या बाजूला जायची, आणि बाजार जवळ आला की नेमकी धापा टाकत बंद पडायची. पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू! तोवर ऊन चढतं, जुड्या माना टाकतात आणि भाव मिळतो निम्मा. एका मेस्त्रीने फिल्टर दोनदा बदलला. मग म्हणाला, “पंप गेलाय, बावीस हजार काढा.” भाचीच्या वसतिगृहाची फी तेवढीच बाजूला ठेवलेली. भाऊजी पंप उतरवायला निघालेच होते.

वन्सं मात्र अडून बसल्या. “वहिनी, आमच्या आबांच्या विहिरीवर किर्लोस्करचं इंजिन होतं. ते असंच हवा धरायचं. तेव्हा काही कुणी पंप बदलला नाही!”

बोलणं अगदी बरोबर होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना खडकीला 1946 मध्ये निघाला, आणि इंजिनची हवा काढणं आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी घरांना पाठ झालं. कारण सोपं आहे. डिझेल दाबलं तरी दबत नाही, हवा दबते. नळीत हवा शिरली की पंप हवाच दाबत बसतो, नोझलमधून फवारा उडत नाही आणि इंजिन मरतं. यात एक गंमत आहे बरं का. टाकीपासून उचल-पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथे भेग असली तर चालू गाडीत थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते. खाली ओल नाही म्हणून नळी चांगली, असं समजू नये.

आम्ही आधी फुकटची तपासणी केली. गाडी बंद पडताच टाकीचं झाकण सैल केलं. ‘फुस्स’ आवाज आला असता, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं. तसं काही नव्हतं. मग फिल्टर आणि पंपाच्या मध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली. गाडी रेस केली, तर आत बुडबुड्यांची रांगच!

आता खरी परीक्षा. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनच्या गरम भागापासून दूर, पक्का बसवला आणि ओढणारी व परतीची, दोन्ही नळ्या त्यात सोडल्या. टाकीवर दहा मिनिटांत मरणारी गाडी डब्यावर अर्धा तास खणखणीत चालली. म्हणजे पंप निर्दोष, दोष त्याच्या मागे. डब्यावरही ती मेली असती, तर मात्र मेस्त्रीचं ऐकावं लागलं असतं.

टाकी उतरवली. तळाच्या जाळीवर गंजाचे पापुद्रे आणि काळा, बुळबुळीत गाळ! डिझेलखाली पाणी साचलं की तिथे सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांचाच तो चिखल. गाडी धावताना तो जाळीला चिकटायचा, बंद केली की गळून खाली बसायचा. पंधरा मिनिटांच्या विश्रांतीचं रहस्य हेच! आणि जाळी तुंबली की ओढ वाढून जुन्या, ताठरलेल्या रबरी नळीच्या सांध्यातून हवा शिरायची. टाकी धुतली, नळी, क्लिपा आणि तांब्याचे वायसर नवे घातले. खर्च हजाराच्या आतच. पाणी कुठून आलं म्हणाल, तर गोठ्यात उघडा ठेवलेला डिझेलचा कॅन. त्याला आता झाकण आहे, आणि नरसाळ्यात जाळी.

नंतर हवा काढली ती अशी. इंजिन बंद. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो. फेस संपून अखंड धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा.

दोन गोष्टी मात्र जपा. तोंडाने नळी ओढून डिझेल काढू नका. ते फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेतू शकतं. चुकून गिळलं गेलं तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. दुसरं, चालू इंजिनच्या नोझलच्या नळ्यांना हात नको. तो फवारा कातडीत घुसतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब इतका प्रचंड असतो की त्यांची नळी घरी उघडूच नये.

वन्संच्या साडीला डिझेल लागलंच! तो भाग आधी वाऱ्यावर वाळवावा, भांड्याचा साबण चोळून वेगळा धुवावा. वास पुरता गेल्याशिवाय इस्त्री करू नये. हातांना गोडं तेल चोळून मग बेसन आणि साबण. त्या हातांनी वन्संनी दुसऱ्या पहाटे मेथी भरली, आणि सातच्या आत भाऊजींचा बाजारातून फोन आला.