बिल्ला कुठला, ते आधी लिहा!

आपल्या मेसचं कुपन गेटबाहेरचा चहावाला घेईल का? नाही घेणार. पण महिनाअखेरीला हॉस्टेलवर त्याच कुपनांवर उधाऱ्या फिटतात, जर्नलसुद्धा लिहून मिळतं! दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावण्यांच्या आसपास दुकानदार आणि कॅन्टीनचे ठेकेदार जे बिल्ले द्यायचे, ते असलंच प्रकरण. मला ते जमवायचा नाद आहे. रूम पार्टनर त्याला भंगार म्हणतो.

बिल्ल्यांची वेळ का आली? 1940 साली लोक घाबरून चांदीची नाणी दडवू लागले. जूनमध्ये सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरवला, नंतर एक रुपयाची नोट काढली, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. तरी सुटे मिळेनात. तांबंही युद्धाला लागत होतं, म्हणून 1943 पासून भोकाचा पैसा आला. (आजीच्या डब्यात बघा, नक्की सापडेल.) दुकानदार सुट्यांऐवजी पोस्टाची तिकिटं देत. मग एक सोडा, एक चहा यासाठी स्वतःचा बिल्ला काढला तर नवल काय? युद्धकैद्यांच्या छावण्यांत तर मुद्दाम कुपनंच चालवत, पळालेल्याच्या खिशात बाहेर चालणारा पैसा नको म्हणून.

आता माझा मुद्दा. नाण्यावर राजा असतो, साल असतं. बिल्ल्यावर बहुतेक वेळा फक्त एखादं नाव आणि किंमत. आपल्या वर्कशॉपमध्ये पितळी बार, लेथ आणि अक्षरांचे पंच दिले तर सेकंड इयरचा पोरगा अर्ध्या तासात तसा बिल्ला पाडून देईल. मग खरा कशावरून? तो कुठे सापडला, कोणाकडून आला, यावरूनच! आणि नेमकं तेच कोणी लिहून ठेवत नाही. विकणारे चिंच लावून चकचकीत करतात, घेणारे अल्बममध्ये रांगेत लावतात. मला असे अल्बम बघवत नाहीत.

आपल्या चिखलीत तर हे जास्तच लागू. शेजारी देहूरोडचे लष्करी डेपो, आणि कुदळवाडीत अख्ख्या पट्ट्याचं भंगार. तिथल्या एका चाचांकडून मी किलोच्या भावात एक बिल्ला घेतला, एक आण्याचा, नाव अर्धं झिजलेलं. "देहूरोडच्या एका जुन्या हॉटेलच्या सामानात आला होता," एवढं ते म्हणाले. ते वाक्य तारखेसकट पाकिटावर लिहिलंय. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडीची गोदामं पाडली. चाचा कुठे गेले, कोणाला माहीत नाही. पितळ काय, कुठेही वितळवता येतं. ते वाक्य आता फक्त माझ्या पाकिटावर आहे.

स्टाफपैकी किंवा तुमच्यापैकी कुणाचे आजोबा देहूरोडला, देवळालीला नोकरीला असतील, तर मला बिल्ला नको. त्यावर त्यांना काय मिळायचं आणि दुकान कोणत्या बाजूला होतं, तेवढं विचारून या.