कौतुक जमेला, खर्च कोणाच्या नावावर?



१५ जानेवारी २०२३ रोजी गुगल कंपनीने आपल्या पानावर एका मराठी पैलवानाचे चित्र झळकवले. ते होते खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेल्या खाशाबांचा तो ९७ वा जन्मदिवस होता. आता दर जानेवारीत त्यांचे फोटो मोबाईलवर येतात. कर्जत-खोपोलीच्या लोकलमध्ये बसल्या बसल्या आपणही ते चार जणांना पाठवतो आणि खाली 'मानाचा मुजरा' लिहितो. यात वाईट काहीच नाही. पण जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबांकडे पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तेथे जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती बराच वेळ चालली. इशी जिंकला. पुढे त्याने सुवर्णपदक मिळवले. महायुद्धानंतरचे जपानचे ते पहिले सुवर्ण. त्या कुस्तीनंतर पुरती विश्रांती न देताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभे केले आणि नियमावर बोट ठेवायला आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले.

परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, कर्ज उरले. मग खाशाबांनी स्वतः कुस्त्या लावल्या, जिंकल्या आणि प्राचार्यांचे घर सोडवले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २०२४ पासून त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन झाला.

म्हणजे मिरवणुकीला गर्दी होती, आज मोबाईलवरही गर्दी आहे. गरजेच्या वेळी मात्र एक गाव आणि एक प्राचार्य.

आपल्या खालापूर-कर्जतकडे बघा. जत्रेच्या आखाड्यात उतरणारा पोरगा, शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळणारी पोरगी आपल्याच आळीत असते. तिला बूट हवेत, गुडघ्याचे पॅड हवेत, स्पर्धेची फी आणि गाडीभाडे हवे. बाप कंपनीत कंत्राटी कामगार, आई धुणीभांडी करणारी. एवढ्याशा पैशासाठी खेळ सुटतो, आणि तो सुटल्याचे कोणाला कळतही नाही.

यासाठी घर गहाण ठेवायची गरज नाही. येत्या १५ जानेवारीला फोटो जरूर पाठवा. पण त्याच दिवशी वस्तीत घरटी पन्नास रुपये काढा. दोघांच्या हाती वही द्या, त्यात एक बाई असावी. रोख रक्कम न देता वस्तू घेऊन द्या, पावती वहीला लावा आणि वर्षाअखेर हिशेब सर्वांसमोर वाचा. मुलगी स्पर्धेला निघाली की वस्तीतले एक मोठे माणूस सोबत धाडा. तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी मैदानाशेजारी उभे असले पाहिजे.

पदक येईल, न येईल. पण पैशावाचून आपल्या वस्तीतल्या कोणाचा खेळ सुटला नाही, एवढे तरी त्या वहीत लिहिता यावे.