उद्याचा प्रवास पुसेगावातून मोजावा

१ मे हा महाराष्ट्राचा स्थापनादिन. हिंगोलीकरांसाठी त्याचे महत्त्व दुहेरी, कारण १९९९ साली याच तारखेला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सकाळी शाळेच्या मैदानात ध्वजवंदन होते आणि याच दिवशी गावोगाव ग्रामसभा भरवण्याची रीत आहे. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावासारख्या गावात ग्रामसभेपुढे येणारे विषय ठरलेले असतात. घरकुलांची यादी, नळाचे पाणी, पाणंद रस्ता, गटारे. ते यायलाच हवेत. पण राज्याच्या आणि जिल्ह्याच्या वाढदिवशी त्या यादीत आणखी एक विषय घ्यावा, असे आम्हाला वाटते. आज इथे पहिलीच्या वर्गात बसलेले मूल तिशीत पोहोचेल तेव्हा २०५० साल उजाडलेले असेल. त्या वेळी या गावातला माणूस कसल्या घरात राहत असेल, कुठे जात असेल, कशाने जात असेल आणि मुख्य म्हणजे कशासाठी जात असेल?

हा प्रश्न गावाला सहसा कुणी विचारत नाही. भविष्याची चित्रे रंगवली जातात ती महानगरांत आणि महानगरांसाठी. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत मुंबई-पुणे प्रवास पंचवीस मिनिटांवर आणणाऱ्या हायपरलूपची घोषणा झाली. हवा काढून घेतलेल्या नळीतून विमानाच्या वेगाने डबे धावणार होते. ते धावले नाहीत. घोषणेमागची हायपरलूप वन ही कंपनी २०२३ च्या अखेरीस बंद झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. ५०८ किलोमीटरच्या त्या मार्गावर ताशी ३२० किलोमीटर वेगाने गाडी धावायची आहे. मोठी स्वप्ने पाहण्यात गैर काही नाही. काही फसतात, काही उशिरा फळतात. खटकते ते इतकेच की, या प्रत्येक स्वप्नातला प्रवासी आधीच ठरलेला असतो. गाडी ताशी किती धावणार हे सगळे विचारतात. तिच्यात कोण बसणार, हे विचारायचे राहून जाते.

प्रवास या मातीला नवा नाही. पुसेगावापासून फार दूर नसलेल्या नर्सीत, परंपरेप्रमाणे १२७० साली, संत नामदेवांचा जन्म झाला. रस्ते नव्हते, वाहने नव्हती, तरी ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानमध्ये भरले. नामदेवांचे जाणे कुणी लादलेले नव्हते. जायचे म्हणून ते गेले, म्हणून त्या प्रवासाचे मोल इतक्या शतकांनंतरही कमी झालेले नाही.

याच मातीवर दुसरा एक प्रवास घडला आणि त्याची आठवण आज जास्त गरजेची आहे. रेल्वे येण्याआधी दख्खनचे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरून वाहून नेणारा समाज बंजाऱ्यांचा, म्हणजेच लमाणांचा होता. सैन्याची रसद त्यांच्या तांड्यांवर चाले. देशात रेल्वे पसरली, गाडीरस्ते झाले आणि बघता बघता लमाणांचा व्यापार संपला. प्रगती झाली हे खरे. पण वाहतुकीचे पिढीजात ज्ञान असलेल्या या लोकांना नव्या वाहतुकीत जागा कोणती, हे कुणी ठरवले नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवरची कितीतरी कुटुंबे आज दिवाळी सरली की ऊसतोडीला बाहेर पडतात. ट्रकमध्ये संसार भरायचा, कोयता घ्यायचा, लेकरे सोबत न्यायची. शाळा सुटते ती सुटतेच. एकेकाळी ज्यांच्या बैलांवर देशाचा बाजार चालला, त्यांच्या वाट्याला पोटासाठीची वणवण आली. नवे वाहन आले की कुणाचे साधते आणि कुणाचे बुडते, हा हिशेब आधी मांडला नाही तर असेच होते.

मराठवाड्याला आधुनिक वाहने मिळाली तीही उशिरा आणि दुसऱ्यांच्या सोयीने. हिंगोलीला आलेली मीटरगेज रेल्वे निजाम राज्याची. त्या राज्यातल्या सरकारी बस १९३२ साली सुरू झाल्या, त्या रेल्वे खात्याच्या अखत्यारीत. मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली, तेव्हा मराठवाडा अजून निजामाच्याच अमलाखाली होता. तो १७ सप्टेंबरला मुक्त झाला. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ साली मराठवाड्याची बससेवा राज्य परिवहन महामंडळात आली आणि मग लाल गाडी खेड्यापाड्यांत शिरली. अकोला-पूर्णा रेल्वेमार्ग ब्रॉडगेज व्हायला २००८ साल उजाडावे लागले. २०२४ पासून जनशताब्दी हिंगोलीहून थेट मुंबईला जाते. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तो शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून आणि पलीकडच्या बुलडाणा, जालना जिल्ह्यांतून जातो. शक्तिपीठ महामार्गाच्या नियोजित आखणीत हिंगोली जिल्हा आहे आणि त्यात जाणाऱ्या जमिनींवरून शेतकऱ्यांचा विरोधही आहे.

हे सारे जिल्ह्याच्या पदरात पडले, पडत आहे. तरी पुसेगावात उभे राहून पाहिले की वेगळेच दिसते. हिंगोलीहून मुंबईला जाणारी गाडी धरायची तर आधी हिंगोली गाठावी लागते. रात्री-अपरात्री तो पहिला टप्पा कशाने गाठायचा, याची सोय ज्याची त्याने करायची असते. शेकडो किलोमीटरचा प्रवास सुखाचा झाला आणि घरापासून स्टेशनपर्यंतचा तेवढा दुष्कर राहिला. अकरावीला तालुक्याच्या गावी जाणारी मुलगी, दिवस भरत आलेली बाई, हळदीची पोती हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नेणारा शेतकरी, हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत निघालेला म्हातारा. या माणसांचा रोजचा प्रवास कुठल्याच भविष्यचित्रात नसतो. आमच्या मते भविष्याची खरी परीक्षा तिथेच आहे.

ती परीक्षा कशी घ्यायची? कसोटी सोपी आहे. सक्तीचा प्रवास कमी झाला पाहिजे आणि निवडीचा वाढला पाहिजे. काही येणे-जाणे सुखाचे करायचे असते, काही मुळातूनच बंद करायचे असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. टाक्यांचे डबे धुऊन, भरून, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास ओढत नेलेल्या त्या गाडीने लोकांची तहान भागवली आणि ती चालवणाऱ्यांचे ऋण आहेच. पण शिवारात पडलेले पाणी शिवारात राहिले असते तर ती गाडी निघालीच नसती. ऊसतोडीचा ट्रक, साध्या तापासाठी जिल्ह्याला केलेली खेप, एका सहीसाठी तहसीलला तीनदा मारलेले हेलपाटे, ही सारी त्याच जातीची वाहतूक. ती वेगवान करण्यात पुरुषार्थ नाही. तिची गरज संपवण्यात आहे.

उरलेल्या प्रवासासाठी जगात धडे आहेत आणि ते बुलेट ट्रेनच्या देशांतूनच घ्यावे लागतात असे नाही. स्वित्झर्लंडने १९८२ पासून आपल्या गाड्यांचे वेळापत्रक ठरावीक अंतराने, दर तासाला एक अशा पद्धतीचे केले. पुढे ‘रेल्वे २०००’ या आराखड्यावर डिसेंबर १९८७ मध्ये देशभर जनमत घेतले आणि लोकांनी तो मंजूर केला. त्यामागचा विचार असा की, गाडी शक्य तितकी वेगवान नको, गरजेपुरती वेगवान हवी. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा डोंगरातल्या खेड्याकडे जाणारी पिवळी टपाल-बस बाहेर उभी असते. श्रीमंत देश आहे, मान्य. पण वेळांची जुळणी करायला बोगदे खणावे लागत नाहीत. रेल्वे, एसटी आणि गावातली जीप यांनी एकमेकांचे वेळापत्रक समोर ठेवावे लागते. हिंगोलीच्या गाडीला पुसेगावची बस जुळली, तर जिल्ह्यातल्या प्रवासात जो फरक पडेल तो कुठल्याही महामार्गाने पडणार नाही.

मग २०५० चे पुसेगाव कसे असू शकेल? स्वप्न पाहायचेच तर ते पाय जमिनीवर ठेवून पाहू. एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू केली, म्हणजे यंत्र आलेले आहे. पंचवीस वर्षांत ते लहान व्हावे. वीस माणसांची विजेची गाडी, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या छपरावरच्या सौर पत्र्यांवर चार्ज होणारी, वाडी-तांड्यांना धरून दर तासाला फिरणारी. महिलांना एसटीत निम्मे तिकीट २०२३ पासून आहे. पण सवलत गाडीत मिळते आणि त्यासाठी आधी गाडी यावी लागते. ‘मानव विकास’ कार्यक्रमाच्या निळ्या बसने कितीतरी मुलींना शाळेपर्यंत पोहोचवले. उद्याची गाडी संध्याकाळी उशिरा वाचनालयातून, खेळाच्या मैदानातून, नोकरीच्या पाळीवरून परतणाऱ्या मुलीलाही घरी आणणारी हवी. आईबापांनी घड्याळाकडे पाहत बसू नये, इतकी भरवशाची.

औषधे आणि रक्ताचे नमुने माणसाआधी प्रवास करतील. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला ड्रोनने लस नेऊन झालेली आहे. डॉक्टरांशी पडद्यावर बोलण्याची ई-संजीवनी सेवा देशात आहे. पण पडद्यामागे परिचारिका, प्रयोगशाळा आणि वेळेवर येणारी रुग्णवाहिका नसेल तर तो पडदा कोराच राहतो, हेही लक्षात ठेवावे. सातबारा मोबाइलवर आला तसा उद्या प्रत्येक दाखला घरी यावा. गावातल्या गावात हळद शिजवून, दळून, तपासून पाकिटात भरली गेली, तर शेतकऱ्याऐवजी त्याचा मालच जग फिरेल आणि पैसा गावात येईल. तालुक्याला सोयाबीनची पोती आणि महानगराला तरुण पोरे धाडत राहायचे, हा व्यवहार कधीतरी उलटला पाहिजे.

आणि घर? मराठवाड्याचा उन्हाळा दरवर्षी कठोर होत चालला आहे. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दुपारचे ऊन आत येऊ देत नसत. त्यांच्या जागी सिमेंटच्या पातळ भिंती आणि पत्र्याची छपरे आली, आणि पंखा गरम हवा फिरवू लागला. उद्याचे घरकुल माळवदाचे शहाणपण आणि नवे बांधकाम यांना जोडणारे हवे, छपरावर पडणारा पाऊस साठवणारे हवे. ज्या घरात दुपारी बसता येत नाही, त्या घरातून माणूस निघून जातो, आणि तेही सक्तीचेच स्थलांतर असते.

यातले काही आज अशक्य वाटेल. अशक्याची सवय करून घेण्यासाठीच कल्पनाशक्ती लागते आणि ती मराठीत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. ती लिहिणारे होते डॉ. जयंत नारळीकर. पुढे त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी केली. त्याच आयुकाचा ज्यात मोठा वाटा आहे, तो लायगो-इंडिया प्रकल्प आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंत लेसरचे किरण सोडून दूरच्या विश्वातल्या गुरुत्वीय लहरी तिथे पकडायच्या आहेत. लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहाहजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो कळला पाहिजे. एवढ्या नाजूक मोजमापासाठी जमिनीची थरथर कमीत कमी असलेली जागा लागते. ज्या शांततेला आपण मागासलेपण म्हणत आलो, तिच्यामुळे जगाच्या विज्ञानाने हिंगोलीचा पत्ता शोधला. या जिल्ह्यातल्या मुलांनी त्या प्रयोगशाळेकडे फक्त बसच्या खिडकीतून पाहू नये. त्यांनी तिथे काम करावे. त्यासाठी आज शाळेत प्रयोगशाळा आणि विज्ञानाचा शिक्षक हवा.

म्हणून ग्रामसभेला आमची विनंती आहे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावाने स्वतःचा आराखडा करायचाच असतो. त्यात या वर्षी दोन याद्या जोडा. गावातून आज कोणकोणते प्रवास नाइलाजाने करावे लागतात, ही पहिली. कोणते प्रवास करावेसे वाटतात पण करता येत नाहीत, ही दुसरी. पहिली यादी बाया, म्हातारे, ऊसतोड कामगार यांना विचारून करा. दुसरी शाळेतल्या मुलांकडून लिहून घ्या. दोन्ही ठराव करून तहसीलला, एसटीच्या आगाराला आणि जिल्हा परिषदेला पाठवा, आणि दर १ मे रोजी पहिल्या यादीतले किती खोडले गेले, दुसऱ्यातले किती साधले, हे जाहीर वाचा. राज्याने आणि जिल्ह्यानेही आपली प्रगती महामार्गांच्या किलोमीटरांत मोजण्याआधी या दोन याद्यांवर मोजावी. पुसेगावातल्या मुलीला हवे तेव्हा जाता आले, हवे तेव्हा परतता आले आणि इथेच राहायचे ठरवले तर मानाने राहता आले, तर महाराष्ट्राचे भविष्य चांगले आहे. तसे झाले नाही, तर गाडी कितीही वेगाने धावली तरी आपण मागेच आहोत.