बारीक झालीस हो!

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता. घरातली बरीच मंडळी हे पान वाचतात, त्यातल्या दोघा-तिघांना राग येईल, हे धरूनच लिहिते आहे. म्हणणे थोडक्यात असे, की टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलाचे वजन उतरत असेल आणि साखर चढलेली असेल, तर त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही. इन्शुलिन कमी पडते आहे आणि शरीर स्वतःलाच खाते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे डायबेटिस म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते पन्नाशीचे, पोट सुटलेले काका. त्यांना काय सांगायचे ते सगळ्यांना पाठ आहे. भात कमी करा, गोड सोडा, सकाळी चालायला जा, वजन उतरवा. त्यांचा टाइप टू, त्यांना ते बरेचसे लागूही पडते. अलीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धतही घरोघरी पोचली आहे. पण तेच सगळे इन्शुलिनवर असलेल्या अकरा वर्षांच्या पोराला ऐकवणारी माणसे मी पाहिली आहेत. दोन्ही आजारांचे आडनाव एक, म्हणून स्वभाव एक नव्हे. गंमत म्हणजे सुश्रुताला हा फरक ठाऊक होता. त्याने प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले, सहज आणि अपथ्यनिमित्तज. पहिल्यातला रोगी कृश, सारखा तहानलेला. दुसऱ्यातला स्थूल आणि खादाड. आजच्या टाइप वनशी ते तंतोतंत जुळते असे मी म्हणणार नाही, पण हडकुळ्या माणसालाही मधुमेह असतो हे तेव्हाच्या वैद्यालाही दिसले होते.

टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही. हा फक्त लहान मुलांचाच आजार, हेही खरे नाही. वसीम अक्रमला 1997 मध्ये निदान झाले तेव्हा तो तिशीत होता, आणि त्यानंतरही त्याने आपल्या फलंदाजांना पुष्कळ छळले. तर, इन्शुलिन नाही म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत जात नाही. अंगणात तांदळाची पोती रचलेली आणि घरात उपास, कारण दार उघडायला माणूस नाही. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीवाटे सांडू लागते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून सारखी लघवी, म्हणून तहान. दिवसाला 100 ग्रॅम साखर अशी वाहून गेली, तर 400 कॅलरी गेल्या. आपल्या तांदळाच्या दोन भाकऱ्या रोज ताटातून उचलून फेकून द्याव्यात तसे. इकडे उपाशी शरीर आधी चरबी आणि मग स्नायू जाळायला लागते. चरबी जळताना कीटोन नावाची आम्ले तयार होतात. ती साठली की उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मृत्यू. वजन उतरण्याचा रस्ता तो हा.

इन्शुलिन येण्यापूर्वी डॉक्टरांकडे या मुलांसाठी एकच उपाय होता, उपाशी ठेवणे. त्याने थोडे दिवस वाढत, इतकेच. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा त्याचे वजन 65 पौंड होते, म्हणजे तीस किलोसुद्धा नाही. पुढे तो तेरा वर्षे जगला. शंभर वर्षांनंतर आपण मात्र इन्शुलिनवरच्या पोरांना पुन्हा उपासाचा सल्ला देतो आणि वर सांगतो, "इंजेक्शनची सवय लागते हो!" श्वास घ्यायची सवय लागते, तशीच ही.

आता ज्या प्रसंगाने हे लिहायला बसवले तो. माझ्या भाचीची मुलगी (तिला विचारून लिहिते आहे) नववीत असताना दीड महिन्यात सहा किलोंनी उतरली. निदान झाले, इन्शुलिन सुरू झाले, गेलेले वजन दोन-तीन महिन्यांत परत आले. ते यायलाच हवे होते. पण कॉलेजात गेल्यावर एका लग्नात कोणीतरी म्हणाले, "सुटलीस गं, आता स्थळे बघायची आहेत ना?" पोरगी हुशार. इन्शुलिन कमी घेतले की वजन उतरते, हे तिला अनुभवाने ठाऊकच होते. रात्रीचा डोस ती चोरू लागली. चार किलो उतरले. पुढच्या कार्याला त्याच बायका तिच्याभोवती जमल्या. बारीक झालीस, छान दिसतेस, काय करतेस, आम्हालाही सांग! तीन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या आणि तीन दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी अकराच्या वर निघाला. साडेसहाच्या पुढे गेला की डायबेटिस म्हणतात, यावरून काय ते समजा.

वजनासाठी इन्शुलिन चोरणे डॉक्टरांना जगभर माहीत आहे, तरुण मुलींमध्ये ते अधिक दिसते. आई-वडिलांचे लक्ष नव्हते असे म्हणून मोकळे होऊ नका. ती गोष्ट तिला कौतुकाने शिकवली गेली, आणि कौतुक करणारे आपण होतो.

मग टाइप वनवाल्याचे वजन खरेच जास्त असेल तर त्याने ते उतरवायचेच नाही का? उतरवावे की. पण साखर ताब्यात ठेवून, सावकाश, आणि डॉक्टरांशी बोलून. जेवण कमी केले, चालणे वाढवले की त्या प्रमाणात डोसही बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाते. साखर खाली गेली की भूक भडकते, हात कापतात, माणूस दिसेल ते खातो आणि वजन तिथेच राहते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे. आपण प्रेमाने दोन बेसनाचे लाडू देतो. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा चढते, आणि कॅलरी मात्र पोटात राहतात. पुन्हा पुन्हा साखर खाली जात असेल तर डोसच जास्त आहे, तो डॉक्टरांना दाखवावा. उलटही ध्यानात ठेवावे. साखर 250 च्या वर आणि कीटोन असतील, तर "जरा पळून ये, उतरेल" हा सल्ला घातक आहे. त्याने कीटोन वाढतात. हापूस बंद, पेज बंद, असेही काही नाही. किती खाल्ले ते मोजायचे आणि इन्शुलिन त्या हिशोबाने घ्यायचे. रत्नागिरीत राहून मे महिन्यात आंबा खाऊ नको असे पोराला सांगणारा निदान इथला तरी नसावा.

आता माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींसाठी. तासाला दोनदा "बाई, जाऊन येऊ?" विचारणारे, सारखे पाण्याच्या टाकीपाशी दिसणारे, गणवेश ढगळ झालेले, पेंगणारे मूल वर्गात असेल तर ते बहाणे करते असे ठरवण्याआधी पालकांना बोलवा. इटलीतल्या पार्मा शहरात 1991 पासून शाळांतून आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांतून साधी भित्तिपत्रके लावली. पूर्वी कोरडे झोपणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर साखर तपासा, एवढाच त्यांचा आशय. निदान होईपर्यंत कीटोन साठलेल्या मुलांचे प्रमाण आधी 78 टक्के होते, ते काही वर्षांत 12.5 टक्क्यांवर आले. भित्तिपत्रकांनी! आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंतींवर सुविचार पुष्कळ असतात, त्यांच्या शेजारी हे एक लावायला फारसा खर्च नाही. आणि तपासणी म्हणजे तरी काय, बोटाचा एक थेंब आणि काही सेकंद.

असो. आमची नात आता बरी आहे, वजन पुन्हा आले आहे. गणपतीला ती इथे येणार आहे. "बारीक" आणि "जाड" हे दोन्ही शब्द घरात निघणार नाहीत, असे मी सगळ्यांना फोन करून सांगितले आहे. तिने मला परवा विचारले, "आजी, तुझ्या एका मोदकात गूळ किती असतो?" पन्नास वर्षे मोदक करते आहे, पण असे कोणी विचारले नव्हते. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ, आणि त्यात माझ्या हाताचे पंधरा-सोळा मोदक होतात. पुढचे गणित तिचे ती करणार आहे.