गाठलं का?

'लेट्स कॅच अप!' लिफ्टचं दार बंद होता होता कानावर पडणारं वाक्य. म्हणजे नक्की काय? भेटायचं? आज? की नुसतंच 'बाय'? बहुतेक वेळा तिसरंच. पण या एवढ्याशा क्रियापदाच्या पोटात त्याहून बरंच काही आहे बरं का!

मुळात 'कॅच' आणि 'चेस' ही सख्खी भावंडं. दोघांचं मूळ लॅटिन, आणि दोघंही जुन्या फ्रेंचच्या वेगवेगळ्या बोलींतून इंग्रजीत आली. म्हणजे 'कॅच'मध्ये पाठलाग आधीपासून आहेच. मराठीत त्याला झकास जोडीदार आहे, गाठणे. पुढे गेलेल्याला मागून गाठलंत, ते 'कॅच अप विथ'. गाठभेट घेऊन गप्पा हाणल्यात, तेही 'कॅच अप विथ'. आणि जुनी लफडी कधी ना कधी माणसाला गाठतात ना, तिथेही इंग्रजीत हेच: 'हिज पास्ट कॉट अप विथ हिम'.

'विथ'च्या जागी 'ऑन' आलं की माणूस गेला, काम आलं. कॅच अप ऑन मेल्स, ऑन स्लीप. राहिलेलं भरून काढायचं. तेव्हा 'आय वॉन्ट टु कॅच अप ऑन यू' असं कुणाला लिहू नका, बिचारी स्वतःला बॅकलॉग समजेल!

खरी गोची हिंजवडीत बसून लंडन आणि न्यू जर्सी दोन्ही सांभाळणाऱ्यांची. 'आय विल कॅच यू अप' असं ब्रिटिश साहेब म्हणाला, तर 'तू हो पुढे, मी गाठतो'. अमेरिकन मॅडम म्हणाल्या, तर 'काय काय झालं ते मी तुला सांगते'. साहेब पुढे व्हायला सांगतोय आणि तुम्ही ब्रीफिंगची वाट बघताय, तर डेडलाइन गेलीच म्हणून समजा.

आणि एकाच टेक पार्कात असून वर्षभर एकमेकांना 'कॅच अप सून' पाठवणारे कॉलेजचे जिगरी दोस्त? बॉस, वार आणि वेळ टाका. 'लेट्स कॅच अप ओव्हर कॉफी, थर्सडे, सिक्स थर्टी.' हे आमंत्रण. बाकी सगळं लिफ्टमधलं.

फक्त गुरुवारी येणारा मेसेज नीट वाचा. 'ऑल कॉट अप' म्हणजे पेंडिंग काही नाही, गडी मोकळा. 'गॉट कॉट अप इन समथिंग' म्हणजे अडकला. कॉफीची ऑर्डर त्यानंतरच द्या.